ओव्हरस्टे झाल्यावर परत अमेरिकेत जाताना: आमचा अनुभव

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला गेलो होतो, परतायला थोडेच दिवस उरले आणि ह्यांना हार्ट अटॅक आला, बायपास झाली, डॉक्टर म्हणाले इतक्यात विमानात बसायचं नाही. ह्यांना तिथे ठेवून मी तरी कशी निघणार? आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीवरची तारीख उलटून गेली, दोघांचाही ओव्हरस्टे झाला.

घरी आल्यावर सगळे सांगायचे, पासपोर्टवर व्हिसा अजून कितीतरी वर्षं आहे, बिनधास्त जा. पण तसं नसतं हो! व्हिसावरची तारीख फक्त कधीपर्यंत जाता येईल ते सांगते, राहायचं किती ते आय-९४ वर असतं, आणि ती तारीख ओलांडली की तो व्हिसा आपोआप रद्द, कागदावर कितीही वर्षं दिसू देत. नवीन घ्यावा लागतो, तोही सहसा आपल्याच देशातून. आमचं जास्तीचं राहणं १८० दिवसांच्या आत होतं म्हणून निभावलं, नाहीतर ३ वर्षं बंदी आणि वर्षभर किंवा जास्त झालं तर १० वर्षं.

व्हिसाच्या अर्जाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये स्पष्ट विचारतात, कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. एजंट म्हणाला, "काकू, नो टाका, कोण बघतंय!" मी ठाम नाही म्हटलं. आपण देश कधी सोडला ती नोंद त्यांच्याकडे असते, आणि खोटं सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते, मग नातवाला बघायचं कसं? यस टाकलं आणि खाली कारण लिहिलं.

बोटांचे ठसे आधी वेगळ्या दिवशी झाले. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला डिस्चार्ज समरी, सर्जनचं पत्र आणि बिलं भरल्याच्या पावत्या नेल्या, आणि पावत्या नेल्या ते फार बरं झालं कारण ऑफिसरबाईंनी पहिलं तेच विचारलं, हॉस्पिटलचा खर्च कोणी केला? इन्शुरन्स आणि जावयांनी, सांगितलं. बाकी कागद चाळले, पेन्शनचं विचारलं, व्हिसा मिळाला.

नेवार्कला उतरल्यावर आत वेगळ्या खोलीत बसवलं, बराच वेळ. ह्यांचे हात गार पडले होते. तेच प्रश्न, तीच फाईल, मग सहा महिने दिले. मुलीच्या घरी पोचल्यावर आधी वेबसाईटवरून आय-९४ काढून दोघांच्या तारखा तपासल्या. परतीचं तिकीट मुद्दाम त्याच्या बरंच आधीचं ठेवलंय, तब्येतीचं काही झालंच तर मुदतवाढीचा अर्ज वेळेत करता यावा म्हणून.