काकांचे पाच डिव्हाइस

सोमवारी सकाळी जेल रोडचे एक काका थेट ऑफिसातच आले. प्रेसमधून निवृत्त, नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा छापखाना. आमचा ई-पेपर उघडला की ‘पाच डिव्हाइसची मर्यादा संपली’ असं येत होतं.

‘‘अहो, घरात मी आणि ही. एक मोबाइल, एक कॉम्प्युटर. नोटा मोजण्यात जन्म गेला माझा, दोन आणि पाच मला कळतात!’’

त्यात खात्याच्या डिव्हाइस-यादीत मोबाइलच्या नोंदीपुढे ‘मुंबई’ लिहिलेलं. मुंबईत कोणीतरी फुकट वाचतंय, याची त्यांना खात्रीच होती.

आधी मुंबई निकालात काढली. मोबाइल डेटावर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात आणि तो पत्ता मोबाइल कंपनीच्या मुंबईच्या यंत्रणेचा असू शकतो. जेल रोडला बसून वाचलं तरी यादीत मुंबई. त्या रकान्यावरून मी कधीच काही ठरवत नाही.

खरी गंमत वेळांच्या रकान्यात होती. एक नोंद मोबाइल ॲपची. बाकी चार विंडोजवरच्या क्रोमच्या: गुरुवार 6:42, शुक्रवार 6:38, शनिवार 6:51, रविवार 7:05. प्रत्येकीचा शेवटचा वापर त्याच दिवशी, साधारण पाऊण तासाने. त्यानंतर ती नोंद मेलेली. खातं वाटून वापरलं की वेळा एकमेकींवर चढतात. सकाळी सातला तीन ठिकाणी वाचन चालू दिसतं. इथे एक संपल्यावर दुसऱ्या दिवशी दुसरी. म्हणजे एकच कॉम्प्युटर रोज नवा पाहुणा होऊन येत होता.

आमची यंत्रणा कॉम्प्युटर ओळखत नाही, ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी, म्हणजे ओळखीची छोटीशी नोंद, ओळखते. ती पुसली की पुन्हा ओटीपी, पुन्हा नवी नोंद. जुनी मात्र 30 दिवस जागा अडवून बसते. इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे बंद करताच कुकी पुसणाऱ्या खिडकीत उघडलं किंवा फेसबुकच्या आतच बातमी उघडून लॉगिन केलं, तरी हेच होतं.

‘‘काका, कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता का?’’

‘‘बुधवारी. फार हळू चालत होता.’’

दुरुस्तीवाल्याने क्रोम बंद होताच सगळं पुसायचं ठेवलं होतं. काकूंना फोन लावला. सेटिंग्ज, गोपनीयता आणि सुरक्षितता, साइट सेटिंग्ज. तिथे तळाशी अतिरिक्त सेटिंग्जमध्ये ऑन-डिव्हाइस साइट डेटा. खिडक्या बंद केल्यावर डेटा हटवण्याचा पर्याय निवडलेला होता, तो बदलून घेतला. काकू काकांपेक्षा भराभर चालवतात. मग मी इकडून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट केलं. क्रम महत्त्वाचा. आधी लॉगआउट केलं असतं तर चार-पाच दिवसांत यादी पुन्हा भरली असती. शेवटी काकूंनी एकदा ओटीपी टाकून लॉगिन केलं, क्रोम पूर्ण बंद करून परत उघडलं. ओटीपी मागितला नाही, म्हणजे काम झालं. लॉगआउटनंतर आधी उघडलेलं पान तासभर चालूच राहतं, कारण आत सोडायचा पास तासाभराचा असतो. त्यावरूनही लोक भांडायला येतात.

दुपारी कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत नूतनीकरणासाठी गेलो. दाराशी एक कॉम्प्युटर, त्यावर एकच लॉगिन. संपादकीय पानाची प्रिंट भिंतीला, आणि एमपीएससीची पोरं रांगेने मोबाइलवर तिचे फोटो काढतायत. आमच्या यादीत नोंद एक. यंत्रणेच्या लेखी याच्याइतका सज्जन ग्राहक नाही! एका वेळी किती जण वाचतात ते मोजावं, असं ऑफिसात अधूनमधून निघतं. सिनेमाच्या ॲपना ते जमतं, कारण सिनेमा चालू असेपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी येत राहतो. पण बातमीचं पान एकदा उतरलं की संपलं. वाचक समोर आहे की चहाला गेलाय, कळणार कसं? आणि भिंतीवरची प्रिंट तर कशातच मोजली जात नाही. संस्थेसाठीचा वेगळा दर सांगितला. मालक म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात बघू.’’

मंगळवारी सकाळी काकांची यादी उघडली. विंडोज, क्रोम, शेवटचा वापर 6:44, नोंद सोमवारचीच.