मिरजेतला न छेडलेला गंधार

साताऱ्यात ‘मिरजेला जाऊन येते’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, ‘कोण आजारी आहे?’ दवाखान्यांचं गाव ही मिरजेची ओळख आमच्याकडे पक्की आहे. माझ्याबरोबर मात्र गवसणीत घातलेला तंबोरा होता. लहानपणी ज्या बाईंकडे गाणं शिकले, त्यांनी जाण्यापूर्वी तो माझ्या हवाली केला. अलीकडे त्याचा आवाज बसला होता. जवारी काढून घ्यायची होती, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून आवाज पुन्हा खुलवून घ्यायचा होता, आणि त्यासाठी मिरजेइतकी दुसरी जागा नाही.

माहुलीला गाडीत चढले. कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी करत उसातून गाडी पुढे जाते. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून तो सगळा वेळ मांडीशी धरून बसले होते.

मी हौशी वादक. भजनी मंडळात पेटी वाजवते, अभंगांना चाली लावते. पेटीनं मला खूप दिलं. स्वर डोळ्यांना दिसतो, बोटं लवकर तयार होतात, चारचौघांत धीर येतो. पुढे बासरी शिकले तेव्हा कळलं की ओळ कुठे संपवायची हे श्वास ठरवतो. पेटीवर भाता चालूच राहतो, त्यामुळे ते कधी जाणवलं नव्हतं. पण चाली मात्र सगळ्या पेटीवरच सुचायच्या आणि बोटांना जिथे जायची सवय तिथेच जायच्या. दोन अभंगांच्या चाली ऐकून कुणी तरी म्हणायचं, ‘ताई, ही मागचीच ना?’

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास येतो. ओट्यांवर भोपळे रचलेले असतात. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, भीमेकाठच्या जमिनीतून. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची हत्यारं म्यान झाली आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते फार आधीच मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

ज्या चाचांकडे गेले त्यांनी तंबोरा गवसणीतून काढला, तबलीवर बोटानं टकटक केलं आणि चारही तारा एकदाच छेडल्या. ‘ताई, तारांनी घोडीत घर केलंय,’ म्हणाले. वर्षानुवर्षं घासून घोडीच्या पाठीवर बारीक चऱ्या पडतात. तार घोडीच्या उतरत्या पाठीला हलकी घासत कंप पावली तरच तो गुंजणारा आवाज निघतो. चऱ्यांत अडकली की मुका होतो. चाचांनी तारा सैल केल्या, घोडीवर कानस फिरवली, तार चढवली, छेडली, मान हलवली, पुन्हा उतरवली. कानशीचा एखादाच हात, मग ऐकणं. मोजमापाचं एकही साधन जवळ नव्हतं. ‘मोजता येत नाही का हे?’ मी विचारलं. ‘कानच मोजतो की,’ ते म्हणाले.

मग त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला. दोरा केसभर पुढे-मागे करता करता एका जागी तार एकदम खुलली. खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार, छेडला आणि वर, कुणी न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’, स्पष्ट ऐकू आला. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. खर्जाच्या तारेची मूळ कंपनं असतात त्यांच्या पाचपट कंपनांचा स्वर त्याच तारेत दडलेला असतो. जवारी चांगली असली की तो वर येतो. चाचांच्या दुकानात पेटी होती. तिच्यावर गंधार दाबून पाहिला. पेटीचा चढा. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून पेटी लावतात, म्हणून तिचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शानं वर असतो. वाचून हे माहीत होतं. दोन्ही शेजारी-शेजारी ऐकले तेव्हा अंगावर काटा आला.

याच फरकासाठी आमच्या मुलखात माणसांनी किती खटपट केली आहे! सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुती, म्हणजे सप्तकातले स्वरांचे बारीक टप्पे, मोजल्या, 1910 मध्ये त्यावर पुस्तक छापलं. साताऱ्याला न्यायाधीश असलेले क्लेमंट्स त्यांच्याबरोबर होते. बावीस श्रुतींची पेटीसुद्धा त्यांनी करवून घेतली. आणि या प्रयोगांसाठी गळा दिला तो किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी.

खाँसाहेब 1937 मध्ये गेले. मिरजेतच, ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात गवई तिथे हजेरी लावतात. तंबोरा घेऊन दुपारी तिथे गेले. थोडा वेळ बसले, गायले नाही.

नवी वाद्यं शिकलं की नवं सुचतं असं मी बरीच वर्षं मानत आले. त्यात खोटं काही नाही, बासरीनं मला ते दिलंच. पण तंबोऱ्यावर शिकण्यासारखं बोटांना काही नसतं. तिथे फक्त ऐकायचं असतं, आणि माझ्यासाठी चाल नेमकी तिथून निघू लागली आहे. घरी आल्यावर तंबोरा पेटीच्या काळी चार पट्टीत मिळवला, अभंगाची पहिली ओळ नुसती पुटपुटत राहिले. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग गळा आपसूक त्या गंधारावर जाऊन थांबला आणि तिथून ओळ खाली उतरली, षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, टेकली. पेटीवर बसले असते तर षड्जावरूनच निघाले असते.

आता मंडळात ही चाल म्हणताना पहिल्या ओळीला मी पेटीचा फक्त षड्ज-पंचम धरते, गंधाराची पट्टी दाबतच नाही. तो गळ्यानं लावायचा. बायकांना सुरुवातीला अवघड गेलं, आता त्याच आधी तंबोरा मागतात. अभंगाचं धृपद, म्हणजे पालुपद, भूप रागाच्या अंगानं बसलं आहे. भूपात मध्यम नसतो, तरी दुसऱ्या चरणात तो घ्यावा असं मला फार वाटतं, पखवाजवाले अण्णा म्हणतात भूप आहे तसा राहू दे. येत्या एकादशीपर्यंत ठरवायचं आहे.