गरम झाली की थरथर: 93ची मारुती आठशे, अपडेट सहावा

मंडळी, थरथरीचं कारण सापडलं. आणि दोन नंबरचा सिलिंडर निर्दोष निघाला. तोच नीट पेटत नाही असे मागच्या अपडेटमध्ये केलेले सगळे आरोप मागे घेतो. त्या नादात आणलेले तीन प्लग, वायरचा सेट आणि डेल्कोची (प्लगना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची) नवी कॅप आता डिकीत लोळतायत.

दुखणं तुम्हाला पाठ आहे. थंड गाडी झकास, कात्रजचा जुना घाट कुरकुर न करता चढते. पण इंजिन नीट तापलं आणि नळस्टॉपला लाल दिवा लागला, की आरशात मागची एक रिक्षा दोन दिसायला लागते. तीन सिलिंडर, 796 सीसी, धडधड मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही, म्हणजे थोडी धडधड तिच्या जन्माचीच. ही मात्र वेगळी. पाय काढला की गाडी बंद.

मागच्या अपडेटवर निम्म्या लोकांनी पेट्रोलवर, त्यातल्या इथेनॉलवर, बोट ठेवलं होतं. मुद्दा खोटा नाही. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनात एकास 14.7 हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे ई-20 ला (वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) साधारण साडेतेरा. आपल्या कार्ब्युरेटरला हे कुणी सांगितलेलं नाही, तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्या भीतीने पेट्रोलचे सगळे रबरी पाइप मी पावसाळ्याआधीच बदलले. पण पेट्रोल सकाळी थंड इंजिनातही तेच असतं ना? मग सकाळी का नाही थरथरत?

शनिवारी पार्किंगमध्ये ठाण मांडलं. गाडी तापवली, इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर काढून अर्थ केली. एक काढली, इंजिनाचा वेग खाली बसला. दुसरी, तेवढंच बसलं. तिसरी, तेवढंच. म्हणजे तिघेही सारखंच काम करतायत आणि तिघेही सारखेच उपाशी आहेत. हे मी दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. मग चोक (त्याने मिश्रणात पेट्रोल वाढतं) जेमतेम अर्धा इंच ओढला आणि गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. मिक्स्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणारा) स्क्रू दीड फेरा फिरवूनही आवाजात फरक पडेना. कुठल्या तरी फटीतून जादा हवा ओढतेय, दुसरं काही नाही.

कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या लाइनला टी टाकून व्हॅक्यूम गेज लावला. तो आतली ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवतो, बाहेरची हवा शिरली की आकडा उतरतो. पुस्तकात 17 ते 21 इंच लिहिलंय, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे 560 मीटरवर, इथे सरळ दोनेक इंच वजा करायचे. माझं थंड रीडिंग 17, म्हणजे उत्तम. पंखा एकदा लागून गेला तरी 17. आणि मग डोळ्यांदेखत काटा घसरत 13 वर आला. तापल्यावर काहीतरी उघडतंय!

खालच्या मजल्यावरचे काका तोवर खुर्ची घेऊन आले होते. "अरे, उदबत्ती फिरव, धूर जिकडे ओढला जाईल तिकडे भोक." काका, वर उघडा कार्ब्युरेटर आहे, सोसायटीचा मीटर बॉक्स चार फुटांवर आहे. नको. त्यापेक्षा मीटरभर रबरी पाइप घेतला, एक टोक कानात, दुसरं जॉइंटभोवती हळूहळू फिरवलं. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, शांत. थ्रॉटलचा शाफ्ट, किंचित. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, तो ज्यावर बसतो त्या बेकेलाइटच्या ठोकळ्याच्या मागच्या अंगाला, प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा सूऽऽ. बोटभर ग्रीस घेऊन तिथे चोपडलं. ग्रीस आत ओढलं गेलं, काटा 16 वर आणि थरथर गायब. काका म्हणाले, "अरे, बंद पडली की काय?" दोन महिन्यांतला सगळ्यात गोड प्रश्न.

ठोकळा सोडवून काचेवर ठेवला तर चक्क डुलत होता. मधोमध फट मोजायची 0.15 मिलिमीटरची फिलर पाती आरपार. कार्ब्युरेटरची फ्लॅन्ज (ठोकळ्यावर टेकणारी बुडाची कड) सुद्धा नटांच्या कानांपाशी वाकलेली. मागच्या वर्षी ओव्हरहॉल करताना कुणीतरी नट जीव खाऊन आवळलेत. थंड असताना पॅकिंग ती फट कसंबसं झाकायचं, तापून ठोकळा हलला की संपलं. कोणी आवळले ते लिहीत नाही, पण आपल्या गाडीचे नट आपणच आवळावेत या मताचा मी आता झालोय.

नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दुकानात "लोकल चालेल का?" म्हणत दिलेल्या पॅकिंगचं भोक लहान, कड आत तीन मिलिमीटर डोकावत होती. जुना नमुना सोबत घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून काही मिळत नाही. दुसऱ्या ठिकाणी ठोकळा मिळाला, जाड पॅकिंगही. फ्लॅन्ज मी घरीच काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, आधी 220, मग 400. पेन्सिलीच्या रेघा मारायच्या, आठच्या आकड्यात घासायचं, सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की झालं. पाऊण तास लागला. नट आळीपाळीने, दर वेळी पाव फेरा, मनगटाच्या जोरानेच.

आता तापल्यावरही 17. मिक्स्चरचा स्क्रू पुन्हा शुद्धीवर आलाय. आयडल (पाय काढल्यावरचा वेग) मिनिटाला 900 फेऱ्यांवर ठेवलं. (हे फेरे दाखवणाऱ्या ड्वेल मीटरवर तीन सिलिंडरची खूण नसते. सहाच्या खुणेवर ठेवून आकडा दुप्पट करा, 450 दिसले की 900.)

पण व्हॅक्यूम गेजचा काटा अधूनमधून, काही ताल नसताना, अर्धा इंच टिचकी मारतो. पुढच्या रविवारी व्हॉल्व्हचे टॅपेट काढायचे असं लिहिणारच होतो. पण टॅपेटची खोट असती तर टिचकी तालात आली असती, नाही का? ही बेताल आहे. म्हणजे पॉइंट (डेल्कोतली उघडझाप करून ठिणगी पाडणारी कळ), किंवा डेल्कोचा शाफ्ट धरणारा बुश ढिला. मग टॅपेट राहू देत. आधी 900 आणि 2000 वर ड्वेल (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते) मोजतो, दोन्हीत मोठा फरक आला तर शाफ्ट हलतोय हे काही न खोलता कळेल. बुश बसवणारा चांगला टर्नर कोणाच्या माहितीत असेल तर सांगा. तोवर बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर टाकतो, सुस्थितीतलं डेल्को दिसलं तर उचलून ठेवीन.