लिंबाची सावली आणि रतांब्याचा उजेड

पिकलेल्या रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या लाल फळाचा, उजेडाकडचा भाग जास्त गडद, की लिंबाचा सावलीकडचा? जलरंगात स्थिरचित्र शिकताना मला मिळालेला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा. बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. डोळे किलकिले करून बघितलं की कळतं, रतांबा खिडकीच्या थेट उजेडातसुद्धा लिंबाच्या सावलीपेक्षा गडदच राहतो.

मी रत्नागिरीत राहते. दर रविवारी सकाळी आमच्या सरांकडे आम्ही मोठी माणसं चित्रकला शिकायला जमतो. सर शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. मे महिन्यात त्यांनी पांढऱ्या पंचावर एक पितळी तांब्या, दोन रतांबे, एक हापूस आणि एक लिंबू मांडलं आणि रंगांच्या पेटीला हात लावू दिला नाही. "आधी फक्त बर्न्ट अंबर घ्या," म्हणाले. "रंग नंतर. आधी कोण किती गडद ते ठरवा."

एकाच तपकिरी रंगात अख्खं चित्र करायचं, कोऱ्या कागदापासून जवळजवळ काळ्यापर्यंत पाच पायऱ्या. हा अभ्यास मला इतका आवडला की अजूनही कुठलंही चित्र सुरू करण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर मी तो करते. रंग डोळ्यांना भुलवतो. हापूसचा केशरी इतका तेजस्वी की तो फार फिका असेल असं वाटतं, पण तपकिरीत उतरवताना लक्षात येतं की तो पंचाच्या पांढऱ्यापेक्षा निदान दोन पायऱ्या खाली आहे. खात्री करायची असेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघावा. मी बघते, पण स्वतः ठरवून झाल्यावरच. आधी बघितलं तर डोळा शिकत नाही.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. प्रत्येक रंगाची गडदपणाची स्वतःची हद्द असते. जांभळा कितीही दाट करत न्या, तो जांभळाच राहतो. पिवळ्याला ती सोय नाही. लेमन यलो ट्यूबमधून सरळ लावला तरी तो फिकाच. मग लिंबाची सावली आणायची कशी? काळा मिसळला की पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो. सरांनी दाखवलेला रस्ता असा: उजेडात लेमन यलो, वळणावर यलो ऑकर हा मातकट पिवळा, सावलीत ऑकरमध्ये थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अगदी तळाशी जांभळ्याचा किंचित स्पर्श. पिवळ्याच्या समोरचा रंग जांभळा, म्हणून तो पिवळ्याचा भडकपणा उतरवतो आणि लिंबू आंबट दिसायचं थांबत नाही.

तांब्याबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. पितळ म्हटलं की हात पिवळ्याकडे जातो, पण तांब्यात पिवळा फार थोडा असतो. गळ्याखाली जवळजवळ काळा पट्टा, त्याला खेटून खिडकीचा लखलखता चौकोन, पोटावर रतांब्याचं लाल प्रतिबिंब, खाली पंचाचा पांढरा. चकाकी रंगाने येत नाही. सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकं मधल्या पायऱ्या गाळून शेजारी शेजारी बसलं की धातू चमकतो. मातीचा माठ असता तर याच दोन टोकांच्या मधे हळूहळू उतरावं लागलं असतं. जलरंगात तो खिडकीचा चौकोन म्हणजे कोरा कागद; तो पहिल्यापासून राखून ठेवायचा.

पंचाच्या चुण्यांसाठी अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना यांचा करडा करायचा. निळा जास्त झाला तर थंड, सिएना जास्त झाला तर उबदार, आणि अल्ट्रामरिनचे कण कागदाच्या खड्ड्यांत बसून सुती कापडाचा पोत आपोआप येतो. आमच्या वर्गाची खिडकी उत्तरेची. आभाळाचा निळसर उजेड आत येतो, त्यामुळे सावल्या उबदार दिसतात. पंचावर पडलेली हापूसची सावली आंब्याजवळ चक्क केशरी असते आणि तिथेच तिची कड धारदार; लांब जाईल तशी ती करडी आणि मऊ होते.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा धरलेली स्त्री, दिव्याचा उजेड चेहऱ्यावर आणि साडीवर. ते जलरंगातलं आहे हे कळल्यापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते. दिव्याचा रंग काही फार मोठा पिवळा नाही. भोवतीचा अंधार ज्या धीराने, ज्या तोलाने बसवला आहे, त्याने तो दिवा पेटतो. आपल्या कोकणातल्या माणसाने हे केलं याचा मला मनापासून अभिमान आहे.

जलरंग वाळल्यावर फिका होतो. म्हणून ओल्यात जरा जास्तच गडद वाटेल असा लावावा, आणि त्याच कागदाच्या पट्टीवर आधी वाळवून बघावा. जूनपासून आमच्याकडे हे वाळवणंच कठीण होतं. हवा इतकी दमट की पहिला थर ओला असतानाच दुसरा लावायचा मोह होतो, आणि सगळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. मी पावसाळ्यात तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा कागद वापरते आणि एका वेळी दोन चित्रं चालवते, एक वाळेपर्यंत दुसरं.

रतांब्यासाठी मी आधी अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल वापरायचे. रंग देखणा, पण खरा अलिझरिन उजेडात विटतो. आणि तो विटला की नुसता रंग जात नाही, चित्रातली सगळ्यात गडद जागाच फिकी पडते आणि बाकीचा तोल ढासळतो. आता त्याऐवजी क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचा लाल घेते आणि त्यात अल्ट्रामरिन घालते. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पीआर ८३ दिसला की तो अलिझरिन. नुसत्या नावावर जाऊ नये.

येत्या रविवारी सरांनी फक्त पांढऱ्या वस्तू आणायला सांगितल्या आहेत: लसणाचा गड्डा, अंडी, चिनी मातीची बरणी. बरणी माझ्याकडे आहे, लोणच्याची, आजीची. तिची झिलई थोडी पिवळसर झाली आहे आणि लसणाच्या पाकळ्यांवर गुलाबी शिरा आहेत, म्हणजे तीन पांढऱ्यांमधला सगळ्यात पांढरा कुठला, तिथूनच सुरुवात करावी लागेल.