काही नाही, घरीच केलंय

सणाला घरी केलेली वस्तू कुणाच्या हातात ठेवताना तोंडातून एक वाक्य हमखास निघतं. ‘काही नाही हो, घरीच केलंय.’ विकतच्या खोक्याबरोबर हे वाक्य कधी येत नाही. किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली तरी खोकं आपलं आपण बोलतं. घरच्या वस्तूची मात्र आपण आधीच माफी मागून ठेवतो. चार संध्याकाळी खपायचं, बोटांना डिंक, जमिनीवर कात्रणं, आणि शेवटी काय, तर काही नाही.

यंदा महिनाअखेर आणि सण एकाच आठवड्यात आले, म्हणून सजावट कागदाची करायची ठरलं. एका बाजूने छापलेल्या ए-फोर कागदांचा गठ्ठा घरात होताच. २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद कोपऱ्यातून तिरका दुमडून चौकोन काढला की ८७ मिलिमीटरची पट्टी उरते. ती टाकायची नाही. तिच्या लांबीत तीन पट्ट्या कापल्या की साखळीच्या तीन कड्या झाल्या. टोकं चिकटवण्यात दोन सेंटिमीटर गेले तरी चांगली सहा सेंटिमीटर व्यासाची कडी होते. साखळीचं हे बरं असतं, एखादी कडी वाकडी झाली तरी गर्दीत खपून जाते.

चांदणीचं तसं नाही. मला सहा टोकांची चांदणी हवी होती. चौकोनाची तिरकी घडी घातली की त्रिकोणाच्या लांब कडेच्या मध्यावर १८० अंश मिळतात. हात सवयीने अर्ध्याचं अर्धं करत जातो, ९०, मग ४५, आणि उलगडल्यावर आठ पाकळ्या निघतात. सहा हव्या असतील तर १८०चे तीन सारखे भाग करावे लागतात, आणि तिघांत सारखी वाटणी करणं दोघांतल्यापेक्षा किती अवघड, हे भावंडांत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तेही जमलं. मग मी उत्साहाच्या भरात या घडीपासून त्या घडीपर्यंत आरपार कात्री चालवली. उलगडायला गेले तर मधली चकती हातात आणि बाकीची चांदणी मांडीवर! घडीची बाजू थोडी तरी अखंड राहिली पाहिजे, हे शहाणपण दुसऱ्या कागदाला आलं.

पण सहाच का, म्हणून शोधायला गेले आणि केपलर भेटला. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा तोच. प्रागला सम्राटाच्या दरबारी गणिती होता, पण पगार कायम थकलेला. नवीन वर्षाला आपल्या आश्रयदात्याला द्यायचं काय, या विवंचनेत पुलावरून जाताना कोटावर हिमकण पडले, सगळे सहा कोनांचे. ते पाहून त्याने १६११ साली एक छोटी पुस्तिका लिहून भेट दिली. हिमकणाला सहाच कोन का, पाच किंवा सात का नाहीत, एवढाच विषय. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये हिमाला ‘निक्स’ म्हणतात, आणि त्याच्या जर्मनमध्ये ‘काही नाही’ याचा उच्चार जवळपास तसाच होतो. ही कोटी त्याने भेटीत मुद्दाम केली. थोडक्यात, काही नाही हो, घरीच केलंय!

सहाच्या कोड्याला पक्कं उत्तर त्याला सापडलं नाही. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत बसतात, हे कळायला विसावं शतक यावं लागलं. पण विचार करता करता त्याने एक अंदाज नोंदवून ठेवला, सारख्या आकाराचे गोळे कसे रचले तर सर्वांत दाट बसतात याचा. त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी मांडली ती १९९८ साली. फुकटातली एक भेट उलगडायला जवळजवळ चारशे वर्षं!

आमच्या घरच्या भेटींना एवढं आयुष्य नसावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या मावशीने एकदा फोनला लोकरीचं आवरण विणून दिलं. जांभळं, कडेला पिवळी फुलं. तारेचा फोन घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली, आवरण आहे. टाकवत नाही. मावशी येणार म्हटलं की ते वायफायच्या डब्यावर चढतं, डबा तापतो, ती गेली की उतरतं. तिची नजर दारातून आत येते ती थेट तिकडे. प्रेम आहे, पण पहारा केवढा!

म्हणून मी ठरवलंय, घरची भेट संपणारी असावी. वापरली, संपली, दोघंही मोकळे. या हिशेबाने मेणबत्ती उत्तम. उरलेली थोटकं गोळा करायची, भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायची (थेट आचेवर अजिबात नाही, मेण पेट घेतं), मधोमध वात धरून काचेच्या बरणीत ओतायची. लाल, हिरव्या, पिवळ्या थोटकांचं मिळून इंद्रधनुष्य होईल असं मला वाटलं होतं. झाला चिखल. वर सकाळी पाहते तो वातीभोवती खड्डा पडलेला. मेण निवताना आकसतं आणि कडेने आधी घट्ट होतं, म्हणून मध्ये खचतं. थोडं मेण बाजूला राखून दुसऱ्यांदा ओतायचं असतं. मी राखलं नव्हतं. खड्डा तसाच ठेवून शेजारच्या काकूंना दिली. वाक्य अर्थातच तेच.

काकूंनी ती कपाटात, काचेमागे ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, ‘हिने केलीय.’ मी मनात म्हणायचे, पेटवा हो एकदाची. मीही आता कुणाची तरी मावशी होऊन बसले होते.

गेल्या आठवड्यात रात्री लाईट गेली, ती दोन तास आली नाही. सकाळी काकू दारात उभ्या, हातात काळवंडलेली बरणी, चेहरा पडलेला.

‘संपली गं तुझी मेणबत्ती. घरात दुसरं काहीच सापडेना.’

मला इतका आनंद झाला की लपवणं जड गेलं. बरणीच्या तळाशी चिखली रंगाचं बोटभर मेण अजून होतं. मी ती आत नेली आणि थोटकांचा डबा खाली काढला.