सहा आठवड्यांचा वटहुकूम चौदा वर्षं
गोखले इन्स्टिट्यूटवरून आपण रोज जातो, पण तिथल्या डॉ. डी. सी. वाधवांनी एका अख्ख्या राज्य सरकारला सुप्रीम कोर्टात खेचलं होतं हे पुण्यात किती जणांना माहितीये? मला खरंच वाटतं हे शाळेत शिकवायला पाहिजे.

विधानसभा चालू नसेल आणि खरोखर घाई असेल तर राज्यपाल राज्यघटनेच्या कलम २१३ खाली वटहुकूम, म्हणजे तात्पुरता कायदा काढतात, मंत्रिमंडळ सांगेल तो. अधिवेशन सुरू झालं की सहा आठवड्यांनी तो आपोआप संपतो, तोवर सभागृहाने कायदा करायचा, नाहीतर विषय मिटला. बिहारमध्ये काय चाललेलं, तर अधिवेशन उरकायचं, विधेयक मांडायचंच नाही आणि तोच वटहुकूम जसाच्या तसा परत काढायचा. वाधवांनी सगळा हिशेब काढला: १९६७ ते १९८१ मध्ये २५६ वटहुकूम, त्यातले काही चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. कधी कधी तर एका दिवसात पन्नासच्या घरात! आणि हे चोरून नाही बरं का, अधिवेशन संपलं की संसदीय कामकाज खात्याकडून बाकीच्या खात्यांना रीतसर पत्र जायचं, की वटहुकूम परत काढायचेत, तयारीला लागा. मला त्या पत्राचाच सगळ्यात जास्त राग येतो.

२० डिसेंबर १९८६ ला सरन्यायाधीश भगवतींच्या घटनापीठाने ही राज्यघटनेची फसवणूक आहे असं सांगितलं आणि वाधवांना १०,००० रुपये द्यायला लावले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी परत तेच सांगितलं, वर वटहुकूम सभागृहापुढे ठेवलाच पाहिजे असंही.

आता साथरोग कायदा बघा. १८९७ चा, प्लेगच्या वेळचा, रँडच्या काळात पुण्यात सोजीर घराघरांत घुसले तेव्हाचा. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे तोच लावला. कोविडमध्ये कडक नियम लागणारच होते, त्याबद्दल तक्रार नाही, साथ काय अधिवेशनाची वाट बघत थांबत नाही. पण त्यातल्या कलम २ खाली सरकारने काढलेल्या आदेशाला मुदत नाही, सभागृहापुढे ठेवायची अट नाही. वटहुकुमाला सहा आठवडे, आणि या आदेशाच्या जोरावर चौकात चालणाऱ्या दांडक्याला मुदतच नाही?

राज्याला हे बदलता येतं, कर्नाटकाने २०२० मध्ये स्वतःचा साथरोग कायदा केलाच की. आपल्याकडे एवढंच घाला, की असा प्रत्येक आदेश पुढच्या अधिवेशनात मांडायचा आणि सहा आठवड्यांत मंजूर नाही झाला तर रद्द. पुण्याच्या आमदारांनी तरी हे विधेयक मांडावं.