दादरीतले भारीट : दुसरा हिवाळा

आधी मागच्या वर्षीची एक नोंद खोडतो. 'डिसेंबरात नर थोडे, फेब्रुवारीत नवे नर आले' असं मी भारीट पक्ष्यांबद्दल वहीत लिहिलं होतं. नवं कोणी आलंच नव्हतं. काळ्या डोक्याच्या भारीटाच्या नराची टोपी हिवाळ्याच्या सुरुवातीला मातकट दिसते, कारण पिसांच्या फिकट कडांखाली काळा रंग झाकलेला असतो. त्या कडा झिजत जातात तशी टोपी उघडी पडते. मी निम्म्या नरांना माद्या म्हणून मोजलं होतं!

म्हणून यंदा एकच शेत धरलं. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या खाली, तापीकाठची काळी जमीन, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी पेरलेली. आजूबाजूला सगळी केळी.

डिसेंबर : थवा बांधावरच्या गवतात, बी टिपत. टोप्या राखाडी-तपकिरी, पोट मात्र पिवळं.

जानेवारी : दाणा भरला आणि सगळे कणसांवर. शेताचे मालक आबा माळ्यावरून गोफण फिरवतात, की थवा उठून बाभळीवर बसतो आणि बाभूळ अवेळी फुलल्यासारखी दिसते. मोजायची हीच वेळ. भराभर फोटो काढायचे, डोकी घरी मोजायची. आबा मला पाहून म्हणाले, "तुन्या चिड्यास्नी मनी दादर खाई टाकी!" काय बोलणार? दोन कणसं हुरड्याला मागायची होती, तीही मागितली नाहीत.

माद्यांचं कोडं तसंच आहे. लाल डोक्याच्या भारीटाची मादी जवळपास अशीच दिसते. फोटो कितीही मोठा केला तरी खात्री होत नाही. अशांपुढे नुसतं 'भारीट मादी' लिहितो.

फेब्रुवारी : एकाच फांदीवर तीन नर, तीन तऱ्हेच्या टोप्या. एकाची कपाळापर्यंत काळी, एकाची ठिपक्याठिपक्यांची, तिसऱ्याची अजून धुळकट. दोन वर्षांतला हा माझा सगळ्यात आवडता फोटो.

आपले बरेचसे हिवाळी पाहुणे उत्तरेकडून हिमालय ओलांडून येतात. हा येतो पश्चिमेकडून : इराण, तुर्कस्तान, पार बाल्कनपासून. घरटं तिकडे, गाणंही तिकडेच. आपल्याकडे नुसतं 'चिप, चिप'.

मार्चचा पहिला रविवार : दादर निघाली, कडबा रचून झाला. थवा पलीकडच्या गव्हात गेलाय. गंजीच्या टोकावर एकटा नर बसला होता, टोपी काळीभोर, पाठ तांबूस, गळा हळदीसारखा. कॅमेरा पिशवीतच राहिला.